चिपळूणच्या बाजारपेठेतलं एक झेरॉक्सचं दुकान : चार स्टार, पाचवा का नाही ते पण लिहिलंय

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. काकांना विचारलं होतं की काका तुमच्या दुकानावर लिहू का, तर म्हणाले लिही पण नाव नको टाकू, उगाच गर्दी होते आणि दुपारची झोप जाते. त्यामुळे ज्यांना जायचंय त्यांनी बाजारपेठेत जाऊन "मशीन टांगणारे काका कुठे बसतात" असं विचारा, कोणीही बोट दाखवेल. का टांगतात ते पुढे येईलच.

आता तक्रारी आधी घेते, नाहीतर लोक म्हणतील ओळखीतलं आहे म्हणून कौतुक चाललंय. दुकान एवढंसं आहे, तीन माणसं आत शिरली की चौथ्याने गटारावरच्या फरशीवर उभं राहायचं. गाडी लावायला जागा नाही. दुपारी एक ते चार बंद म्हणजे बंद, शटर अर्धं खाली असतं आणि आतून घोरण्याचा आवाज येतो, हॉल तिकिटाची प्रिंट हवी असली तरी उठत नाहीत, मी स्वतः पाहिलंय. लॅमिनेशन काकू करतात आणि त्यात हमखास एक बुडबुडा राहतो, माझ्या आधार कार्डावर तो बरोबर गालावर आलाय, गालगुंड झाल्यासारखा. स्पायरल बाइंडिंगचं टोक नीट वळवत नाहीत, दप्तरात बाकीच्या वह्या फाटतात. आणि मोबाईलवरचा स्क्रीनशॉट पाठवून प्रिंट मागितली की आधी पाच मिनिटं बोलणी, की हे काय वाचता येणारे का तुला, डोळे आहेत का, वगैरे. तोंड फटकळ आहे. ज्यांना सर्व्हिस विथ स्माईल हवी त्यांनी दुसरीकडे जावं.

तरी चार स्टार का, तर माझी दहावी.

माझी दहावी म्हणजे २०२१-२२. त्या बॅचची जी मुलं हे वाचत असतील त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. नववीला परीक्षाच झाली नाही, कोरोनामुळे सरसकट वर ढकललं, त्यामुळे दहावीत आलो तेव्हा आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हेच माहीत नव्हतं. आमच्या आधीच्या बॅचची तर दहावीची परीक्षाच रद्द, त्यांचा रिझल्ट १६ जुलैला लागला आणि कोकण बोर्ड १०० टक्के. पेढे वगैरे वाटून झाले. बरोबर सहा दिवसांनी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूणचा पूर.

पुराचं मी फार लिहिणार नाही, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेत. आमचं घर भाड्याचं, तळमजला, पहाटे बाबांनी उठवलं तेव्हा चपला तरंगत होत्या, आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो ते दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावरच खाली आलो. खाली आल्यावर जे होतं त्याला आमच्याकडे गाळ म्हणतात पण तो नुसता चिखल नसतो, त्याला रॉकेल, कुजलेलं धान्य आणि दुकानातल्या औषधांचा असा मिळून एक वास असतो, तो महिनाभर नाकातून जात नाही. माझं कपाट आडवं पडलेलं. विज्ञान भाग १ आणि २ एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती, अक्षरशः वीट, मी सुरीने पान सोडवायला गेले तर पानाऐवजी लगदाच हातात आला.

आणि आई काय करत होती, तर ती देव शोधत होती. देव्हारा लाकडी, तो कुठे गेला पत्ताच नाही, पण पितळेचा गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण गाळात सापडले. तिने ते बादलीत टाकले आणि वरून पाणी ओतत बसली. बाहेर माणसं गाद्या फेकतायत, कोणी रडतंय आणि ही बादलीला हात जोडतेय. मला एवढा राग आला, मी बोलून गेले की ज्यांना स्वतःला वाचवता नाही आलं त्यांना कशाला हात जोडतेस. ती म्हणाली, वाचलेत की, मळलेत फक्त. आणि परत घासायला लागली. मी त्या दिवसानंतर कितीतरी महिने देवाला हात जोडले नाहीत, हे तिला अजून माहीत नाही, म्हणजे आता वाचेल तेव्हा कळेल.

मदत खूप आली, खोटं बोलणार नाही. कुठून कुठून ट्रक आले. माझ्या वाट्याला चौदा फुलस्केप वह्या आणि तीन कंपासपेट्या आल्या. पण लिहायचं काय त्या वह्यांत? पाठ्यपुस्तकं पुढे शाळेने जुन्या मुलांची गोळा करून दिली, बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते हे पण खरं, पण मोबाईल पाण्यात गेलेला. आणि बाबांनी लॉकडाऊनमध्ये हप्त्यावर एका शिकवणीच्या ॲपचा कोर्स घेतला होता, सोबत टॅब, तो टॅब पण पाण्यात गेला आणि त्या लोकांना फोन केला तर म्हणे वॉटर डॅमेज वॉरंटीत येत नाही आणि हप्ते चालूच राहतील. ते हप्ते पुढच्या मे महिन्यापर्यंत कापले गेले. नाव घेत नाही, पण बाबांनी त्या कंपनीला ज्या शिव्या दिल्या त्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

तर काकांकडे येते. काकांचं दुकान तर पूर्णच गेलं होतं. दोन मशीन, त्यातलं एक जूनमध्येच कर्ज काढून घेतलेलं. मेकॅनिक बघून म्हणाला भंगारात द्या, ड्रममध्येच गाळ आहे. २००५ च्या २६ जुलैला पण त्यांचं दुकान बुडालं होतं, म्हणजे हा दुसरा फेरा. गावातलं आमचं वाचनालय, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, त्याचं पण तेच, २००५ ला पाणी आणि २०२१ ला परत पाणी. आमच्याकडे हे असंच आहे, वाशिष्ठी एकीकडून, वर कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिलाच येऊन मिळतं, खालून भरती, आणि मध्ये आम्ही.

काकांची उधारीची वही पण भिजली. शाई पसरून नुसते निळे ढग. त्यांनी शटरवर खडूने लिहिलं होतं, "वही गेली, ज्याला आठवतं त्याने द्या." बाबांच्या डोक्यात ३४० होते, ते जाऊन देऊन आले, तेव्हा आमच्याकडे गॅस घ्यायला पैसे नव्हते आणि त्यावरून आईचं आणि त्यांचं भांडण झालेलं मला आठवतंय. बरेच लोक आले म्हणे. सगळे नाही आले, काकांना कोण नाही आलं ते तोंडपाठ आहे, मध्ये मध्ये नावं घेतात.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात काकांनी कोल्हापूरवरून एक सेकंडहँड मशीन आणलं. आणि त्या मशीनचा एक दोष होता, डाव्या बाजूने दोन बोटं सोडून वरपासून खालपर्यंत एक राखाडी पट्टा पडायचा. प्रत्येक पानावर. ड्रमवर ओरखडा होता, ड्रम बदलायला पैसे नव्हते. लोक कटकट करायचे, काका म्हणायचे पट्ट्याचे पैसे घेत नाही, बाकीच्या पानाचे घेतो.

आता खरी गोष्ट. काकांच्या माळ्यावर, पाणी जिथपर्यंत आलं त्याच्या जेमतेम वीतभर वर, एक पिशवी राहिली होती. त्यात आमच्या आधीच्या बॅचच्या एका ताईच्या नोट्स, सगळ्या विषयांच्या, हाताने लिहिलेल्या, तीन रंगांत, आकृत्या पट्टी लावून. तिने त्या मार्चच्या आसपास झेरॉक्सला टाकल्या होत्या, मग परीक्षाच रद्द झाली आणि ती न्यायलाच आली नाही. म्हणजे बघा, वर्षभर मान मोडून केलेल्या नोट्स, त्यांचा एक पेपर पण झाला नाही. काकांनी तिच्या घरी फोन करून विचारलं, ती म्हणाली वाटा.

त्या एका पिशवीवरून किती पोरांच्या झेरॉक्स निघाल्या ते काकांना पण सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी तिथे आठ-दहा जण उभे असायचे, कोणाला भूमिती, कोणाला इतिहास. काका फुकट देत नव्हते हं, हे नीट ऐका. एक रुपया पान. एका आईने म्हटलं पूरग्रस्त आहोत हो, तर म्हणाले मी पण आहे, आणि फुकट दिलेलं पोरं वाचत नाहीत, एक रुपया पान, लिहून ठेवतो, जेव्हा होतील तेव्हा द्या. आणि नवीन उधारीची वही उघडली. त्या वहीत पानाच्या वरती माझं नाव होतं, बाबांचं नाही, माझं. दहावीच्या पोरीच्या नावावर खातं! मला तेव्हा ते काय वाटलं ते आता नीट सांगता येणार नाही, पण सगळीकडे आम्ही त्या महिन्यांत "लाभार्थी" होतो, यादीत नाव, सही करा, फोटो काढा, आणि इथे एक माणूस सांगत होता की तू फेडशील.

घर वाळेपर्यंत, म्हणजे भिंतींची ओल जाईपर्यंत, आई, मी आणि धाकटा आजीकडे राहायला गेलो, गुहागर रोडला मार्गताम्हान्याच्या पुढे आत. बाबा लोटे एमआयडीसीत कामाला, ते चिपळूणलाच एका मित्राच्या खोलीत. ऑनलाइन क्लास करायला मी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जायचे, खाली वाडीत नेटवर्क नाही, सड्यावर एका विशिष्ट काजूखाली दोन कांड्या यायच्या, पाऊस आला की छत्रीत आजीचा मोबाईल आणि मी बाहेर. ४ ऑक्टोबरला शाळा सुरू झाली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा शाळा सुरू झाली म्हणून खूश झाले. अहिल्याबाई होळकर योजनेचा मुलींचा मोफत पास निघाला, एसटीने ये-जा. दिवाळीपर्यंत बरं चाललं.

आणि मग एसटीचा संप. त्या कर्मचाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांचे पगार किती होते ते सगळ्यांना माहितीये. पण पास हातात आणि गाडी नाही. वडापला, म्हणजे सीटवर माणसं भरणाऱ्या खाजगी गाडीला, एका बाजूचे चाळीस रुपये, त्यात पण मांडीवर मांडी. रोज ऐंशी कुठून आणायचे, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस शाळा. तेव्हा मी ठरवलं होतं की यंदा परीक्षेला बसायचंच नाही, पुढच्या वर्षी बघू. आईला सांगितलं नव्हतं पण काकांना सांगितलं, का ते माहीत नाही, उधारी वाढायला नको म्हणून असेल. म्हटलं काका आता झेरॉक्स नको काढू, मी बसत नाहीये.

काकांनी काही उपदेश केला नाही. "बरं" म्हणाले. आणि पुढच्या सोमवारी फाट्यावरच्या पानटपरीवर माझ्या नावाची पिशवी. वडापच्या ड्रायव्हरकडे दिली होती. आत बीजगणिताची दोन प्रकरणं, राखाडी पट्ट्यासकट, वर पेन्सिलीने "२६ पाने, २६ रु." मग दर सोमवार-गुरुवार पिशवी. ड्रायव्हरने माझ्याकडून त्या पिशव्यांचे कधी पैसे घेतले नाहीत, काकांकडून घेतले का ते मला माहीत नाही. टपरीवाले मामा पिशवी विड्याच्या पानांच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली ठेवायचे म्हणून इतिहासाच्या नोट्सना अजून कात आणि चुन्याचा वास आहे.

मध्ये बोर्डाने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलेला, तर कमी झालेल्या पाठांची यादी काकांनी काचेवर चिकटवली होती आणि कोणी नको तो पाठ काढायला आलं की ओरडायचे, हे वगळलंय, कशाला पाच रुपये घालवतोस. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. जानेवारीत परत शाळा बंदचं आलं, दहावीला सूट आहे की नाही कोणालाच नीट कळेना, मुंबईत मुलं ऑनलाइन परीक्षा घ्या म्हणून रस्त्यावर उतरली, वाडीत अफवा की परीक्षा परत रद्द. पिशव्या येतच होत्या.

त्या पट्ट्याचं सांगते. प्रत्येक ओळीतला एक शब्द पट्ट्याखाली जायचा. वाचताना तो शब्द काय असेल ते डोक्यातून घालावं लागायचं, आणि घालता आला नाही तर याचा अर्थ आपल्याला तो पाठ आलेला नाही. सूत्रांत तर मजाच, बरोबर छेद झाकलेला. मी कंटाळून पट्ट्याच्या बाजूला पेन्सिलीने शब्द लिहायचे. फेब्रुवारीपर्यंत असं झालं की पट्टा दिसेनासाच झाला. आता लोक ज्याला फिल इन द ब्लँक्सची प्रॅक्टिस म्हणतात ती मला मशीनच्या बिघाडाने करून दिली.

परीक्षा १५ मार्च ते ४ एप्रिल, ज्याची त्याची शाळाच केंद्र, चाळीस मार्कांच्या पेपरला पंधरा मिनिटं जास्त आणि ऐंशीच्याला अर्धा तास. संप अजून चालूच. आणि १७ ला होळी! दहावी आणि शिमगा एकत्र म्हणजे काय ते कोकणातल्या पोरांनाच कळेल, बाहेर ढोल आणि आत इंग्रजी व्याकरण. पालखी आजीच्या दारात आली तेव्हा मी नोट्स हातात घेऊनच अंगणात आले. आजीने ओटी भरली आणि गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरवांनी सुरू केलं, बा म्हाराजा, ह्या घरातली लेक दहावीच्या परीक्षेला बसलेय, तिच्या हाताला यश दे, काय चुकलंमाकलं असेल ते पदरात घे, आणि सगळी वाडी एका आवाजात "व्हय म्हाराजा". मुंबईवरून आलेला काका मागून ओरडला "आणि गणिताचा पेपर सोपा काढ", त्याला पण "व्हय म्हाराजा". चाळीस-पन्नास माणसं, निम्म्यांना माझं नाव पण माहीत नसेल, माझ्या गणितासाठी ओरडत होती. मी पण ओरडले. त्या बादलीनंतर पहिल्यांदा. नारळ फुटला, त्याचं पाणी नोट्सवर उडालं, बरोबर पट्ट्यावर.

१७ जूनला रिझल्ट. मला ७१.४०. कोकण बोर्ड ९९.२७ टक्के, त्यामुळे आमच्याकडे पास होणं ही बातमीच नाही, नापास झालं तर लोक भेटायला येतात. पण मी पेढा घेऊन काकांकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, वही काढली आणि म्हणाले ४१२. चारशे बारा पानं. मी घरोघरी काजू फोडायला जाऊन मे महिन्यात पैसे साठवले होते, त्यातून दिले. बारा रुपये सोडतील असं वाटलं होतं, नाही सोडले. नावावर काट मारली आणि म्हणाले, आता अकरावीला कुठे.

आता सध्याचं, म्हणजे रिव्ह्यूचं. मशीन नवीन आहे, पट्टा पडत नाही, पण शाई जरा फिकी येते, सांगावं लागतं. पान दोन रुपये, पाठपोट तीन. क्यूआर कोड लावलाय पण सुट्टे दिले की जास्त खूश. जुन्या नोट्सची ती पिशवी अजून आहे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी आपली भर घालून जातं, पुस्तक बदललं तर नवीन येतं, दहावीच्या मुलांना एकच रुपया पान. भिंतीवर दोन रेघा मारल्यात, खालची २००५, वरची २०२१, आणि मशीनच्या वर छताच्या लोखंडी तुळईला गॅरेजवाल्याकडची चेन पुली. पाणी वाढल्याचा भोंगा झाला की मशीन वरच्या रेघेच्या वर. दुकान दुसरीकडे का हलवत नाही असं मी विचारलं होतं, तर म्हणाले पोरं इथे शोधत येतात.

यंदा जूनमध्ये धाकट्याला घेऊन गेले, तो आता दहावीला. त्याला मराठी आणि विज्ञान हवं होतं. काका म्हणाले आधी ही साखळी ओढ, यंदाची ट्रायल राहिलीय. आम्ही दोघांनी ओढली, मशीन कुरकुरत वीतभर वर गेलं, झुललं, काकू ओरडल्या भिंतीला लागेल, काका खाली वाकून बघत होते, आणखी, आणखी, हां, आता धर, सोडू नको. रेघेच्या वर गेल्यावर हळूहळू खाली घेतलं. धाकट्याच्या हाताला ग्रीस. मग झेरॉक्स काढल्या, ५८ पानं, ५८ रुपये. साखळी ओढायचे काही कमी केले नाहीत.